विश्लेषण : धडधड थांबली, पण पक्षाघाताचा धोका टळला का?

ठोके अनियमित पडतात, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच 'एएफ' दिसते आणि गोळ्या सुरू होतात. पंधरा दिवसांत धडधड थांबते, घरच्यांना हायसे वाटते. नेमकी तेव्हाच रक्त पातळ करणारी गोळी 'आता कशाला?' म्हणून बंद केली जाते. ठोके आटोक्यात ठेवणारी गोळी त्रासासाठी असते, रक्त पातळ करणारी पक्षाघात टाळण्यासाठी. हा फरक रुग्णाला बहुतेक वेळा कोणी समजावून सांगत नाही. खरी चूक तिथे होते.

पक्षाघाताशी संबंध काय?

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. तिथे रक्त साचते, गुठळी होते आणि ती सुटली की थेट मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकू शकते. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातून १९९१ मध्ये पुढे आले. पण ही झाली सरासरी. पन्नाशीतला धडधाकट माणूस आणि ऐंशीच्या मधुमेही आजी यांना एकच आकडा कसा लावणार?

गुण कसे मोजतात?

त्यासाठी ब्रिटनमधील बर्मिंगहॅमचे ग्रेगरी लिप आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली 'चॅड्स-व्हास्क' ही गुणपद्धती जगभर वापरली जाते. हृदय निकामी होत असल्यास १, उच्च रक्तदाबाला १, मधुमेहाला १, पूर्वी हार्ट अटॅक आला असल्यास किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असल्यास १. वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा अधिक असेल तर २. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला असेल तर २. स्त्रियांना १ गुण जास्त मिळे. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो काढून टाकला. या नव्या मोजणीत २ किंवा अधिक गुण असतील तर रक्त पातळ करणारे औषध द्यावे, १ असेल तर विचार करावा, अशी शिफारस आहे.

६८ वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह असलेले गृहस्थ घ्या. त्यांचे गुण ३. हे औषध न घेणाऱ्या रुग्णांच्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत ३ गुणांच्या गटात वर्षाला शंभरात सुमारे तिघांना पक्षाघात झाला. शून्य गुणांच्या गटात हे प्रमाण हजारात दोन होते. शंभरात तीन हा आकडा किरकोळ वाटेल, पण तो दरवर्षी नव्याने लागू होतो. आणि यात धडधड किती होते, याला एकही गुण नाही!

रक्तस्रावाची भीती आणि ॲस्पिरिन

भीती खोटी नाही. वयस्कर रुग्ण पडला, डोक्याला मार लागला तर काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यावर 'सौम्य' तोडगा म्हणून ॲस्पिरिन देण्याची सवय मात्र सोडायला हवी. ॲपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन यांची तुलना करणारी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकणे यांचे एकत्रित वार्षिक प्रमाण ॲस्पिरिन गटात ३.७ टक्के, तर ॲपिक्साबॅन गटात १.६ टक्के होते. मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक नव्हता. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, दारू टाळणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे यांनी रक्तस्रावाचा धोका कमी करता येतो. औषध नाकारण्यापूर्वी एवढे तरी करून पाहावे.

गुणांची मर्यादा

ही पद्धत ढोबळ आहे. एखाद्या रुग्णाला पक्षाघात होईलच की नाही, हे ती सांगू शकत नाही. आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून तपासावी लागते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद झालेली असेल तर गुण मोजत बसायचे नाही. गुण शून्य आले तरी औषध लागते. तेही जुनेच, वॉरफरिनच्या जातीचे, नियमित 'आयएनआर' तपासणीसह. झडपेच्या अशा रुग्णांत नवी रिव्हारोक्साबॅन गोळी कमी पडली, हे भारतीय रुग्णांचाही समावेश असलेल्या २०२२ च्या चाचणीत दिसले. म्हणून गुण मोजण्याआधी इको तपासणी हवी.

सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्याच वेळी पासष्टीपुढच्यांची नाडी मिनिटभर बोटांनी पाहायला पैसा लागत नाही. ती अनियमित लागली तर ईसीजी काढावा. ज्यांना एएफ असल्याचे आधीच कळले आहे, त्यांनी डॉक्टरांना आपले गुण विचारावेत, ते फाइलवर लिहून घ्यावेत आणि पासष्टी किंवा पंचाहत्तरी ओलांडली, नवा आजार जडला की पुन्हा मोजून घ्यावेत.