बिल सारखं वाटताना



रविवारची मिस्सा झाली की आमचा दहा-बारा जणांचा गट कधीकधी गावाबाहेरच्या हॉटेलात जेवायला जातो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, आपल्या दादरा-नगर हवेलीत नाही. त्यामुळे रविवारी अशा हॉटेलांसमोर गुजरातच्या गाड्यांची रांग असते. सोबत जेवण्यात मला पाप दिसत नाही. प्रभू येशू जकातदारांच्याही पंगतीला बसला, काना गावच्या लग्नात त्याने पाण्याचा द्राक्षारस केला.

मला बोचतं ते वेगळंच. मागे एकदा बिल सगळ्यांत सारखं वाटलं गेलं. कंपनीत रोजंदारीवर जाणाऱ्या आमच्या एका वारली भावाने फक्त डाळ-भात खाल्ला होता. इतरांच्या बिअरचे पैसेही त्याने निमूटपणे दिले. पुढच्या वेळी "घरी काम आहे" म्हणून तो आलाच नाही. बिल वाटताना मीही गप्प बसले होते.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला नेमकं यासाठीच खडसावलं (१ करिंथ ११). प्रभुभोजनाला जमूनही तिथे एक जण उपाशी राही, दुसरा पिऊन झिंगे.

म्हणून माझं मत असं : दारूचा हिशेब पिणाऱ्यांनी वेगळा करावा. आणि महिन्यातून एक रविवार हॉटेलाऐवजी कुणाच्या तरी अंगणात बसावं. नागलीची भाकर, भाजी, मासळी, ज्याला जे जमेल ते त्याने आणावं. ज्याला नाही जमणार त्याने नुसतं यावं. सकाळी एकाच वेदीपुढे उभे राहणाऱ्यांपैकी दुपारी कुणी पैशामुळे मागे राहू नये.

येत्या रविवारी त्या भावाला बोलवायला मी स्वतः जाणार आहे.