हौशी कोणाले म्हणता?

नोकरी सोडून नट झालेल्या माणसाची गोष्ट महाराष्ट्राला फार आवडते. अट एकच. तो माणूस आधी मोठा झालेला पाहिजे. मोठा झाला तर त्याचा राजीनामा म्हणजे धाडस. नाही झाला तर माज. आणि तो आपल्या वस्तीतला असला तर समाजाशी गद्दारी. पहिली दोन कलमं त्यांनी लिहिली, तिसरं आपण लिहिलं. मला तिसऱ्यावर भांडायचं आहे. पण पहिल्या दोघांना मोकळं सोडून नाही.

डॉक्टर श्रीराम लागू घ्या. कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात शिकले, परदेशात शिकले, टांझानियात जाऊन प्रॅक्टिस केली, आणि १९६९ मध्ये ते सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. या माणसाबद्दल माझ्या मनात आकस नाही. देवाला रिटायर करा असं उघड म्हणणारे नट मराठीत किती झाले? पण त्यांची गोष्ट आमच्या पोरांना प्रेरणा म्हणून वाटत फिरणाऱ्यांना माझा एक सवाल आहे. डॉक्टरकी सोडलेला माणूस डॉक्टर राहतोच ना? नाटक पडलं, नशीब रुसलं, तर डिग्री भिंतीवर टांगलेलीच असते. उद्या पुन्हा दवाखान्याची पाटी लावता येते. धाडस होतंच, मी नाही म्हणत नाही. पण सर्कशीतल्या झोपाळ्याखाली जाळी असते. डोंबाऱ्याच्या पोरीच्या दोराखाली नसते, आणि तिच्या धाडसावर कोणी अग्रलेख लिहीत नाही.

दुसरे अमोल पालेकर. बँक ऑफ इंडियात कारकून होते, तिथून पडद्यावर गेले. 'रजनीगंधा' १९७४ चा, 'घरौंदा' १९७७ चा, मध्ये 'छोटी सी बात'. आणि पडद्यावर जाऊन काय झाले? पुन्हा ऑफिसात जाणारा माणूसच झाले. घामेजलेला, भिडस्त, घराच्या हप्त्याने गांजलेला. कारकुनाचा चेहरा नायकाचा होऊ शकतो हे लोकांनी पाहिलं. मलाही आवडला तो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या पाळीवरून येऊन मोबाईलवर पाहिलाय. पण त्याच वर्षांत आपली पहिली शिकलेली पिढी त्याच ऑफिसांत, त्याच टेबलांना येऊन बसत होती. तिच्या फाईली वर सरकत नव्हत्या, तिच्या पाण्याच्या ग्लासाकडे लोक तिरके पाहत होते. तो कारकून कुठे गेला? पालेकरांच्या कारकुनाचं आडनाव मेश्राम कधी झालं नाही. रामटेके झालं नाही. कांबळे झालं नाही.

कांबळे पडद्याच्या मधोमध यायला २०१४ साल उजाडावं लागलं. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये. नारायण कांबळे, लोकशाहीर. गटारात उतरणारा एक कामगार मेला, आणि तुझं गाणं ऐकून त्याने जीव दिला, असा खटला या शाहिरावर चालतो. व्हेनिसच्या महोत्सवात त्या सिनेमाला बक्षिसं मिळाली, देशाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि नारायण कांबळे झालं कोण? आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. कवी, कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. नाट्यशाळेत गेले नव्हते. त्यांनी वेगळं काही सोंग घेतलं असं मला त्यात दिसत नाही. चळवळीच्या स्टेजवर उभं राहायची जी सवय अंगात होती, ती कॅमेऱ्यासमोर नेऊन उभी केली. १३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोविडने ते गेले. इथे नागपुरातच, एम्समध्ये. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर त्यांचा फोटो होता. नट म्हणून. जिवंतपणी किती मंडळांनी त्यांना मानधन देऊन स्टेजवर बोलावलं होतं, ते ज्याचं त्याने आठवावं.

आता आमच्या पोराकडे येतो.

आमच्या वस्तीतल्या एकाने या मार्चमध्ये सरकारी कचेरीतली कारकुनी सोडली. राखीव जागा, पर्मनंट, चार वर्षं झालेली. नाटक करायचं म्हणून सोडली. नाव लिहीत नाही, कारण त्याच्या आईला लोकांनी आधीच पोटभर ऐकवलंय. विहारात बैठक जयंतीची होती आणि विषय झाला हा. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाबासायेबानं तुले साहेब व्हाले शिकवलं, तोंडाले रंग फासाले नाई." दुसरे म्हणाले, "एक जागा वाया गेली ना बाप्पा समाजाची."

दोन्ही वाक्यांना उत्तर द्यायलाच पाहिजे.

आधी जागेचं. जागा वाया जात नाही. कचेऱ्यांत बिंदुनामावली नावाची गोष्ट असते. राखीव बिंदूवरचा माणूस गेला की ती जागा त्याच प्रवर्गाला परत मिळायची असते. भरली जात नाही हा त्याचा गुन्हा नाही, भरणाऱ्यांचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने खासगी एजन्सींकडून कंत्राटी माणसं भरायचा जीआर काढला होता. कंत्राटात कसलं आरक्षण? रस्त्यावर बोंब झाली म्हणून ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. त्या एका कागदात किती जागा गेल्या असत्या, यावर आमच्या विहारात बैठक झाली नाही. एका पोराने एक जागा सोडली, तर रात्री अकरापर्यंत चालली.

मी स्वतः बुटीबोरीकडे एका सूतगिरणीत ठेकेदाराचा माणूस आहे. रिंगफ्रेमवर. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीच्या दुकानातून. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार होते. ती मिल १८७७ ला सुरू झाली, २००२ ला बंद पडली, आणि तिच्या जमिनीवर आता मॉल आहे. मला कोणी म्हणालं नोकरी सोड, तर मी विचारीन, कोणती? माझी नोकरी रोज संध्याकाळी मला सोडते आणि सकाळी गेटवर पुन्हा धरते. राजीनामा द्यायला आधी नेमणुकीचा कागद लागतो. त्या पोराकडे तो होता, म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. पण हेव्याला मी तत्त्वज्ञान म्हणत नाही. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात.

आता रंगाचं. तोंडाला रंग फासायला बाबासाहेबांनी शिकवलं नाही, हे जे म्हणतात त्यांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले, ते काय कीर्तन होतं? ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत चळवळ गेली ती ढोलकीवरून, सोंगातून, सवाल-जवाबातून. विठ्ठल उमप कोण होते? 'जांभूळ आख्यान' रंगवणारा नटच ना? २६ नोव्हेंबर २०१० ला ते आपल्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या स्टेजवरच कोसळले आणि गेले. आपण त्यांना लोकशाहीर म्हणून हार घातले. शाहीर मेला की आपला. जिवंत पोरगा शाहीर व्हायला निघाला की बयताड. असं कसं चालेल?

त्याच्या आईची भीती मात्र खरी आहे. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, चालूही नये. तिने तीस वर्षं लोकांची धुणीभांडी केली, तेव्हा घरात पहिला पगाराचा कागद आला. तो कागद म्हणजे तिच्या म्हाताऱ्या गुडघ्यांची मजुरी आहे. पांढरपेशे म्हणतात, मनाचं ऐका. मन ऐकायला हरकत नाही, पण एका पगारावर सहा ताटं वाढली जात असतील तर बाकीच्या पाच जणांच्या मनाचं काय? पोराला हे कळत नाही असं नाही. तो आता दिवसा तालीम करतो आणि संध्याकाळी सातपासून रात्री एकपर्यंत मोटरसायकलवर लोकांच्या दारात जेवणाची पार्सलं पोचवतो. बहिणीची फी चुकू दिली नाही. कारकुनीत होता तेव्हा झोपायला मिळायचं, एवढाच फरक.

आणि कोणी म्हणेल, नोकरी सांभाळून करता आलं नसतं का नाटक? करतातच की सगळे.

करतात. तेच तर मी सांगतोय. मराठी नाटकाचा हा जो संसार आहे, तो ऑफिसच्या पगारावर उभा राहिला. बँका, विमा, रेल्वे, महापालिका. मस्टरवर सही, चार वाजता साहेबाची परवानगी, पाचला तालीम. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालते आणि तिचं नावच हौशी. हौशी! हा शब्द मला फार दिवस डाचतोय. हौस ही महिन्याच्या एक तारखेला पगार झालेल्या माणसाची गोष्ट आहे. त्यांच्या हौसेला साहेब सुट्टी द्यायचा, कारण साहेबही पहिल्या रांगेत पासावर बसायचा. आमचा पोरगा सुट्टी मागायला गेला तर त्याला ऐकवलं, "तुम्हाला सगळंच सवलतीत पाहिजे का?" हे वाक्य त्याने मला हसत सांगितलं. मी हसलो नाही.

गिरणीवाल्यांसाठीही नाटकं होती हं. कामगार कल्याण मंडळ १९५३ च्या कायद्याने आलं, त्याच्या नाट्यस्पर्धांत गिरणी कामगार पोरं उभी राहिली. त्यासाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून वर्गणी कापली जाते. माझ्या ठेकेदाराच्या पावतीवर ती ओळ मी आजवर पाहिली नाही. म्हणजे माझ्या नावावर हौससुद्धा जमा नाही.

मुंबईला जा म्हणतात. गेला होता तो. एका मालिकेच्या निवडीला. आधी आडनाव विचारलं, मग बोलायला लावलं, मग म्हणाले तुमच्या बोलीत कॉमेडी छान होईल, ड्रायव्हरचं काम आहे. आमची बोली त्यांना विनोदाला लागते. "कायले", "मले" म्हटलं की प्रेक्षागृह खदखदून हसतं. याच बोलीत आमच्या माया मेलेल्या लेकरांसाठी रडतात, हे त्या प्रेक्षागृहाच्या गावीही नाही. तिथे जाऊन ड्रायव्हर करायचा तर नागपुरात खरीच गाडी चालवलेली काय वाईट?

म्हणून मी मुंबईकडे पाहत नाही. उलट्या दिशेला पाहतो. वडशाकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, ही झाडीपट्टी. दिवाळी झाली की तिथे नाटकांचा हंगाम लागतो. शंकरपट भरला, मंडई भरली की नाटक पाहिजेच. रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. लोक घोंगड्या घेऊन येतात, तिकीट काढून येतात. वडशात, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची दुकानं थाटलेली असतात. त्या सगळ्या नाटकांची मी आरती ओवाळत नाही. ऐन मरणाच्या प्रवेशानंतर नाच घुसवतात, बाईला रडवून रडवून टाळ्या घेतात. पण तिथे नटाला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. धानाचे पैसे हातात आलेला शेतकरी नटाचे पैसे देतो. गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती याच रंगभूमीवरून. मुंबईहून नाही, पुण्याहून नाही.

आणि आपण? दीक्षाभूमीवर लाखोंनी येतो. उन्हातान्हात रांग लावून पुस्तकं विकत घेतो. पोट मारून पुस्तक घेणारा असा वाचक दुसऱ्या कोणत्या समाजाकडे आहे ते दाखवा. मग हाच समाज नाटकाचं तिकीट का काढत नाही? कारण आपण त्याला सवयच लावली फुकटाची. नाटक म्हणजे जयंतीच्या कार्यक्रमातला भाषणांच्या मधला वेळ. नटाला एक शाल, एक नारळ आणि रिक्षाचं भाडं. प्रेमानंद गज्वींचं 'घोटभर पाणी' १९७७ चं. दोन नटांचं नाटक, सेट लागत नाही, विहारात होतं, झाडाखाली होतं. किती वस्त्यांनी ते पैसे मोजून बोलावलं?

आमच्या मंडळाचा डीजे एका रात्रीचे ६० हजार घेतो. भिंतींना तडे जातात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून बसतात, आणि वाजतं काय ते सगळ्यांना माहीत आहे. ६० हजारांत सहा जणांच्या संचाला, माणशी हजार रुपये धरले, तर दहा प्रयोग होतात. हजार म्हणजे माझ्या दोन पाळ्यांची मजुरी. मी चैन मागत नाहीये, मजुरी मागतोय. नट हा मजूर आहे. त्याचं अंग, त्याचा घसा, त्याची रात्र विकत घ्यायची असेल तर दाम मोजा. नोकरी सोडली म्हणून शिव्या द्यायचा अधिकार ज्याने त्याला एक दिवसाची मजुरी दिली त्याला. बाकीच्यांनी गप बसावं.

दोस्तांनो, तुमच्यातले पुष्कळ जण स्पर्धा परीक्षांना बसताय. बसा. पास व्हा. राखीव प्रवर्गाला वयाची सवलत आहे, ४३ पर्यंत, तोवर लढा. मी कुणाला राजीनामा द्यायला सांगत नाही. पण पहिला पगार झाला की त्यातून एक तिकीट काढा. साहेब झाल्यावर तुमच्या हाताखालच्या पोराने तालमीसाठी रजा मागितली तर अर्जावर सही करा, आणि सवलतीचं वाक्य तोंडातून काढू नका.

त्या पोराचा एकपात्री प्रयोग येत्या रविवारी आहे. विहाराच्या मागच्या हॉलमध्ये, सकाळी दहाला, कारण संध्याकाळी त्याला पार्सलं आहेत. विषय एका कारकुनाचा आहे, आडनाव मेश्राम. तिकीट ५० रुपये. शनिवारची तिसरी पाळी करून मी सरळ दारावर तिकिटं फाडायला उभा राहणार आहे. पास छापलेले नाहीत.