जड पाण्याचा फंडा

इलेक्ट्रिक किटलीच्या तळाशी पांढरा थर. शॉवरमधून पाणी सरळ खाली यायच्या ऐवजी चारी दिशांना तिरपं. शॅम्पूचा फेस होता होत नाही, आणि तूरडाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी टणक ती टणकच. यातल्या दोन गोष्टींना तरी तुम्ही मान डोलावली असेल, तर तुमच्याकडे जड पाणी येतंय. आठवतंय? शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी होतं. दोन मार्कांचा प्रश्न म्हणून आपण ते पाठ केलं आणि पेपर झाल्यावर विसरलो. आता तेच दुष्फेन प्रकरण भाड्याच्या टू बीएचकेमध्ये रोज सकाळी नळातून भेटायला येतंय.

पुण्यात हा अनुभव आयटीवाल्यांच्या वाट्याला जरा जास्तच येतो. कारण सोपं आहे. खडकवासला साखळीतल्या धरणांचं किंवा पवनेचं पाणी म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी. ते मुळात हलकं. पण वाघोली, पुनावळे, उंड्री असल्या झपाट्याने वाढलेल्या भागांत कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. जमिनीखालचं पाणी काळ्या पाषाणाच्या फटींतून मुरत जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. त्यामुळे कोथरूडच्या मित्राकडे साबण मस्त फेसाळतो आणि तुमच्याकडे तोच साबण बादलीत फुटलेल्या दुधासारखा तरंगतो.

मग आपण काय करतो? वीकएंडला ऑनलाइन सेल लागतो, तीन रूममेट्स मिळून पैसे काढतात आणि निळे दिवे लागणारं एक झकास आरओ मशीन किचनच्या भिंतीवर चढतं. पाणी गोड लागतं, सगळे खूश. पुढच्या रविवारी केस धुताना लक्षात येतं, की केसांचा तसाच झाडू झालाय. अहो, कसा नाही होणार? मशीन किचनमध्ये आहे, तुम्ही बाथरूममध्ये आहात!

फिल्टरच्या दुकानात जाण्याआधी हा हिशोब डोक्यात पक्का करा. दोघातिघांच्या घरात प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला फार तर दहा-पंधरा लिटर पाणी लागतं. आंघोळ, कपडे, भांडी, फरशी याला काहीशे लिटर. जड पाण्याचा जो वैताग आहे, म्हणजे केस, गीझर, वॉशिंग मशीन, नळावरची पांढरी पुटं, तो सगळा या काहीशे लिटरमध्ये आहे. पिण्याचा फिल्टर त्याला हातही लावत नाही. आणि पिण्याच्या पाण्याबाबत जी खरी काळजी करायला हवी, ती बहुतेक वेळा जडपणाची नसतेच.

हे वाचून कुणीतरी म्हणेल, “पण जड पाण्याने मुतखडा होतो ना?” आपल्याकडे ही भीती फार जुनी आहे. पण कॅल्शियम, मॅग्नेशियम ही शरीराला लागणारी खनिजं आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. दिवसभर एसीत बसून दोन ग्लास पाणी पिणाऱ्याने खड्यासाठी बोअरला दोष देण्याआधी आपली बाटली बघावी. (ज्यांना आधीच किडनीचा त्रास आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. या कॉलमला नाही.)

आता आकड्यांकडे. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून, ५०० पर्यंत असावेत आणि पर्याय नसेल तर २००० पर्यंत. लक्षात घ्या, जडपणा आणि टीडीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीडीएसमध्ये साधं मीठही येतं, जडपणात येत नाही. पण घरी येणाऱ्या सेल्समनच्या खिशात टीडीएस मीटर असतो, म्हणून सगळी चर्चा टीडीएसची होते.

त्या सेल्समनचा खेळ तर पाहण्यासारखा! दोन ग्लास टेबलावर. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवतो आणि प्लग लावतो. मिनिटभरात तुमच्या ग्लासात तपकिरी-हिरवा चोथा, त्याचा ग्लास काचेसारखा स्वच्छ. “मॅडम, हे तुम्ही रोज पिताय!” तुमचा चेहरा पडतो, चेकबुक बाहेर येतं. हा चोथा नळाच्या पाण्यातला नसतो, बॉस. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे त्या लोखंडी कांडीचाच गंज सुटून खाली येतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते शांत. पुढच्या वेळी असा कुणी आला, तर त्याच्या त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, “आता लावा प्लग.” तोही ग्लास तपकिरी होतो. चहा पाजून निरोप द्या.

टीडीएस मीटर खोटा नसतो, पण तो पाण्यातून वीज किती वाहते एवढंच सांगतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचा पहिला संशय दूषित पाण्यावर होता. महापालिकेने तिथले काही खासगी आरओ प्लांटही बंद केले, कारण त्यांच्या पाण्याचे नमुने पिण्यालायक नव्हते. म्हणजे टीडीएस एकदम टकाटक, आणि पाणी मात्र पिण्यालायक नाही. वीस लिटरच्या जारवर राहणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

म्हणून आधी तपासणी, मग खरेदी. सोसायटीच्या ऑफिसमध्ये पाण्याचा रिपोर्ट मागा. नसेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. एकूण जडपणा, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म, एवढं पुरे. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्यायची, कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही. नुसता जडपणा बघायचा असेल तर थेंब मोजायचं छोटं किट मिळतं. पाणी लालसर रंगावरून निळं होईपर्यंत थेंब टाकायचे, झालं. आणि एप्रिल-मेमध्ये परत एकदा तपासा. पावसाळ्यात अर्धं महापालिकेचं पाणी असतं, उन्हाळ्यात टँकरवाला कुठल्या विहिरीतून भरतो ते त्यालाच ठाऊक.

रिपोर्ट हातात आला की निवड फार अवघड नाही. टीडीएस ५०० च्या आत, नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराइड १ च्या आत असेल, तर आरओ नकोच. यूव्ही किंवा यूएफ घ्या. यूव्ही अतिनील किरणांनी जंतू मारतं, क्षारांना हात लावत नाही. त्याला वीज लागते आणि पाणी गढूळ नको. जड पाण्यात त्याच्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो, तेव्हा वर्षाच्या सर्व्हिसिंगला ती नळी साफ केली का, हे उभं राहून बघायचं. यूएफ म्हणजे अतिबारीक चाळणी, वीज लागत नाही, जीवाणू अडतात, पण सगळे विषाणू अडतीलच असं नाही. गावाकडच्या कँडलवाल्या फिल्टरबद्दल मला प्रेम आहे, पण त्याचं काम गाळ अडवण्यापुरतं. तुरटीचंही तसंच.

नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल, किंवा टीडीएस ५०० च्या वर जाऊन पाणी मचूळ लागत असेल, तर मग आरओ हवाच. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. फक्त आरओची दुसरी बाजूही माहीत हवी. घरगुती मशीन साधारणपणे एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं. दिवसाला दहा लिटर म्हणजे तीस लिटर वाया. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत घरोघरी हेच चालू असेल, तर रोज सहा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमधला अर्ध्याहून जास्त टँकर गटारात. त्याच टँकरचे पैसे मेन्टेनन्समधून आपणच भरतो! म्हणूनच मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घाला, असे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. २०२३ मध्ये केंद्राने जलशुद्धीकरण यंत्रांच्या वापरासाठी नियमही काढले. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

आरओ घेतलंच, तर ती बाहेरची नळी सिंकमध्ये सोडू नका, बादलीत सोडा. फरशी, फ्लश, बाल्कनी धुणं यासाठी ते पाणी छान. कपड्यांना नाही, कारण तुमचं पाणी ८०० टीडीएसचं असेल तर नळीतून येणारं हजाराच्या वर असतं. कुंड्यांना रोज घातलंत तर तुळस महिन्याभरात रुसेल. तांबं, झिंक, अल्कलाइन असल्या जादा काड्रिजचा मोह टाळा. आणि टीडीएस अॅडजस्टर म्हणजे थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळणारी चावी, एवढंच. नायट्रेटसाठी मशीन घेतलं असेल तर ती चावी जपून फिरवा, नाहीतर तेच नायट्रेट परत ग्लासात.

राहिला केसांचा आणि गीझरचा प्रश्न. त्यावर उपाय आहे सॉफ्टनर. यात रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, परत तयार. सॉफ्टनरनंतर टीडीएस मोजलात तर आकडा उतरलेला दिसणार नाही. घाबरू नका, क्षार बदललेत, कमी झालेले नाहीत. फेस मात्र भरपूर. सोडियम वाढतं म्हणून हे पाणी पिण्यासाठी नाही, विशेषतः घरात बीपीवालं कुणी असेल तर.

नळाला लावायचा छोटा ‘हार्ड वॉटर फिल्टर’ ऑनलाइन फोटोत सॉल्लिड दिसतो. पण मुठीएवढ्या डब्यात रेझिन मावून मावून किती मावणार? दोन-चार आंघोळींत ते संपतं. असले बरेचसे फिल्टर क्लोरिन कमी करतात, जडपणा नाही. ते पैसे वाचवा आणि रूममेट्सनी मिळून बाथरूमच्या लाइनवरचा छोटा सॉफ्टनर बघा, घरमालक पाइपला हात लावू देत असेल तर. नाहीतर शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घेऊन केस धुवा. फुकट आहे.

खरं तर हे काम सोसायटीचं. टाकीवर एक मोठा सॉफ्टनर बसला, की दोनशे गीझर एकदम सुटतात. पण मीटिंगला भाडेकरूंना कोण बोलावतं? म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हाच डोळे उघडे ठेवा. ब्रोकर मॉड्युलर किचन दाखवत असताना तुम्ही बाथरूमचा नळ बघा. त्याच्या तोंडावर पांढरी दाढी वाढलीय का? बोअरचं पाणी कुठल्या महिन्यांत सोडतात, सॉफ्टनर आहे का, आणि त्यात मीठ वेळेवर पडतं का? खाली उतरल्यावर वॉचमनकाकांना विचारा, “काका, मेमध्ये टँकर किती येतात?” ते खरं सांगतात.

किचनमध्ये थोडी जुगाडं चालतात. डाळ, छोले, राजमा यांना आरओचं पाणी वापरा, गॅस वाचेल. आरओ नसेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा. किटलीतला थर घासू नका, वाण्याकडून लिंबूसत्त्व आणा, एक चमचा घालून पाणी उकळा, अर्धा तास ठेवा, ओता. ब्लॅक टीवर जो तेलकट तवंग दिसतो तोही जड पाण्याचाच, लिंबू पिळलं की तो येत नाही.

शेवटी पैशाचं. दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्याने मशीन विकत घ्यावं का? जड पाण्यात आरओचं मेंब्रेन लवकर बसतं, आणि उतरवणं, नव्या घरी लावणं, नवं भोक पाडायला नव्या घरमालकाची परवानगी, हा सगळा खर्च किमतीत धरावा लागतो. महिन्याच्या भाड्याने मशीन देणाऱ्या कंपन्या आता आहेत, सर्व्हिसिंग त्यांच्याकडे. सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. तुमच्या रिपोर्टमधल्या आकड्याला मेंब्रेन चालतं का, ते खराब झालं तर पैसे कुणाचे, आणि घर सोडताना मशीन काढायला किती दिवसांत येणार. डिपॉझिट त्यावरच अडकतं.