आधी पाणी ओळखा, मग मासा निवडा

जालन्यात नवा फिशटँक घेणाऱ्याचं बोट दुकानात हमखास निऑन टेट्राकडे वळतं. निळ्या-लाल पट्ट्याचा हा इवला मासा मोह पाडतोच. तरीही माझं कळकळीचं सांगणं आहे, मासा पसंत करण्याआधी घरातलं पाणी ओळखा.

निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. जंगलाचा पालापाचोळा ज्या ओढ्यांत कुजतो, त्या किंचित आम्लधर्मी, जवळजवळ क्षारविरहित पाण्यात तो वाढतो. आपला जिल्हा काळ्या बसाल्टवर वसलेला. पावसाचं पाणी या कातळात मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं. म्हणून बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तेच पाणी टाकीत भरलं की निऑनला रोज त्याच्याशी झगडावं लागतं.

यावर आरओचं पाणी वापरा, असा सल्ला मिळतो. पण घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना सहसा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. जिथे नळाची वाट दिवसेंदिवस पाहावी लागते आणि उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो, तिथे एका शोभेच्या माशासाठी हे करणं मला पटत नाही.

त्यापेक्षा क्षाराचं पाणी मानवणारे मासे आणा. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या माशांना ७ ते ८ पीएचचं जड पाणी चांगलं सोसतं. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग हौदात, डबक्यांत सोडतो तो गप्पी आणि दुकानातला झुलत्या शेपटीचा रंगीत गप्पी, दोघे एकाच जातीचे. झेब्रा डॅनिओ तर भारतातलाच. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १८२२ साली त्याची नोंद केली. चपळ, काटक असा हा मासा थवा करून राहतो, म्हणून निदान सहा तरी घ्यावेत. गप्पी मात्र महिन्याकाठी पिल्लं देतो. ती जास्त झाली म्हणून कुंडलिका नदीत किंवा तलावात सोडू नका. तिथल्या मूळच्या माशांचा घास आणि जागा ते हिरावून घेतात.

वनस्पतींनाही हाच नियम. कबोंबासारखी नाजूक वनस्पती जड पाण्यात झुरते. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला मात्र आपल्याकडच्या तलावांतही वाढतात. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून त्या कार्बन घेतात, म्हणून कधीकधी त्यांच्या पानांवर चुन्याची पांढरी पूड बसते. जावा फर्न आणि अनुबियास कमी उजेडात तगतात. त्यांचं खोड दगडाला किंवा लाकडाला बांधा, वाळूत पुरलं तर ते कुजतं. दिवा सहा ते आठ तास पुरे. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली तर हिरवं शेवाळ माजतं.

आपल्याकडे तापमानही सांभाळावं लागतं. या माशांना २४ ते २८ अंश मानवतं. मे महिन्यात पाणी तिशीपार जातं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी एअर पंप चालू ठेवा, मासे आणि खाणं दोन्ही कमी ठेवा. थंडीत रात्री पारा उतरला की हीटर लागतो.

आणखी एक धोका क्षारयुक्त पाण्यातच जास्त असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि पीएच चढलेल्या पाण्यात त्याचा विषारी अंश वाढतो. त्याला नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जावं म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवा. आधी वनस्पती लावा, मग थोडे थोडे मासे आणा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना खत म्हणून लागू पडतं.

जालन्यातला सुंदर फिशटँक महागड्या माशाने होत नाही. दुकानात पाय ठेवण्याआधी आपल्या बोअरच्या पाण्याचा पीएच आणि जडपणा तपासून घ्या. चाचणीच्या पट्ट्या सहज मिळतात. तो आकडा हातात असला की कोणता मासा तुमच्या घरी सुखाने जगेल, हे दुकानदाराला विचारावंही लागणार नाही.