चिलखताविना धाडलेले पोलीस

लोहगडवाडीच्या माथ्यावरील लोहगडाच्या तटाआडून पूर्वी घाटवाटांची राखण होई. गडचिरोलीच्या रानात वाट राखणाऱ्या पोलिसास तट कोठला? गाडीचे चिलखत हाच त्याचा तट. 1 मे 2019 रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने 15 पोलीस व एक चालक यांचे प्राण घेतले, तेव्हा ते खाजगी वाहनातून चालले होते!

चाकांची चिलखती गाडी म्हणजे रणगाडा नव्हे. चिखलखंदकांत ती पट्ट्यांवर धावणाऱ्या रणगाड्याच्या मागे पडते, आणि तोफेचा मारा झेलणे तिला साधत नाही. रस्त्याने माणसे त्वरेने व सुखरूप पोचविणे हे तिचे काम. भूसुरुंगरोधक गाडीचा तळ नावेसारखा निमुळता असतो. स्फोटाचा जोर त्यामुळे दोहों बाजूंस फाकतो. हे कवच अभेद्य मात्र नव्हे. 2005 साली छत्तीसगडात बिजापूरकडे अशी गाडीच उडविली गेली व 24 जण दगावले. म्हणून वाट आधी पायी तपासणे चुकत नाही. परंतु कवच अपुरे, सबब कवचाविनाच धाडावे, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

चिलखती गाड्या पुण्याची भारत फोर्ज बनविते. अहिल्यानगरच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या आराखड्यातून आठ चाकांची गाडीही सिद्ध झाली आहे. नक्षलवाद ओसरला, एवढ्यावरून हा विषय मिटत नाही. घाईने निघालेली तुकडी मिळेल त्या गाडीत कोंबण्याची वेळ पुन्हा येऊ नये यासाठी कोणती तजवीज झाली, हे गृहखात्याने विधिमंडळात सांगावे.