माहितीपत्रकातली विविधता आणि शुक्रवारची संध्याकाळ

लिबरल आर्ट्स कॉलेजच्या माहितीपत्रकावरचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. हिरवळीवर बसलेली पाच-सहा मुलंमुली : एक हिजाबमधली, एक ईशान्येकडची, एक परदेशी, सगळी एकाच लॅपटॉपकडे बघून हसतायत. खाली शब्द असतो, विविधता. हा फोटो खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि माझ्या बरोबरीच्या बहुतेकांना तो पुरेसा वाटतो, माझं भांडण त्याच्याशी आहे.

मी अशाच एका खाजगी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. गाव परभणी जिल्ह्यात, वडील एसटीत कंडक्टर, फी स्कॉलरशिपमधून. वर्गात वीसेक राज्यांतली मुलं आहेत, हे खरं. पण गुवाहाटीची मुलगी, कोचीचा मुलगा आणि दिल्लीचा मुलगा पहिल्याच आठवड्यात घट्ट मित्र झाले. तिघं एकाच प्रकारच्या शाळेत शिकलेले, तिघांनी त्याच सिरीज पाहिलेल्या, तिघांच्या घरी ड्रायव्हर. भूगोल वेगळा, दिवाणखाना एकच. मी त्या तिघांपेक्षा जवळून आलो आणि सगळ्यात लांबचा ठरलो.

जात? ती आमच्याकडे कुणी विचारत नाही. ‘आम्ही जात मानत नाही’ हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा टी-शर्ट छापता येईल. विचारतात ते वेगळंच : ‘कुठल्या स्कूलचा?’ जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव सांगितलं की समोरचा गोड हसतो आणि हळू इंग्रजीत बोलायला लागतो. आडनाव, शाळा, उच्चार. तीन प्रश्नांत सगळं कळतं, चौथा विचारायची गरजच पडत नाही.

सोशल लाइफचं खरं प्रवेशपत्र मात्र शुक्रवारी संध्याकाळी तपासलं जातं. शहरात जायला कॅब, मग कॅफे, मग बिलाचे समान भाग. तुम्ही नुसता चहा घेतलेला असो, भाग समान. दर खेपेला सातशे-आठशे रुपये. असे चार शुक्रवार म्हणजे माझा महिन्याचा सगळा हातखर्च. तीनदा ‘असाइनमेंट आहे’ म्हटलं की चौथ्यांदा कुणी विचारत नाही. कुणी दुष्ट नसतं. फक्त एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप होतो आणि त्यात तुम्ही नसता. नाटकातली भूमिका, प्रोजेक्टचा जोडीदार, इंटर्नशिपची ओळख, सगळं पुढे त्याच ग्रुपवर ठरतं. म्हणून हा मौजमजेचा प्रश्न नाही. पदवी आम्हा सगळ्यांना एकच मिळते, पण कॉलेज एकच मिळत नाही.

यावर मित्रांचं उत्तर ठरलेलं : ‘मैत्री काय नियम करून होते?’ नाही होत. पण मैत्री व्हायला जी जागा लागते, ती कुणीतरी ठरवलेली असते. आज ती जागा कॅफे आहे आणि तिथे तिकीट आहे. ती वेगळी ठरवता येते, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली आणि कामंही एकत्र करायला लावली. वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या घरात विविधतेचं माहितीपत्रक नव्हतं, कामाची पाळी होती.

‘नुसतं एकत्र जेवून काय होतं?’ असंही कुणी म्हणेल, आणि ते बाबासाहेबांचा आधार घेऊन म्हणेल. बरोबर आहे. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी सहभोजनाने जात मरत नाही असंच सांगितलंय. आमच्याकडे हे पुस्तक अभ्यासाला आहे आणि त्यावर अप्रतिम इंग्रजीत निबंध लिहिले जातात. मग तेच निबंधकार मेसच्या टेबलावर ताट तसंच टाकून उठतात आणि ते उचलणाऱ्या मावशींचं नाव त्यांना तीन वर्षांत माहीत नसतं. सहभोजन पुरेसं नाही हे मान्य. पण ज्यांनी तेवढंही केलं नाही, त्यांनी त्याच्या अपुरेपणावर व्याख्यान देऊ नये.

प्रश्न दारातच सुरू होतो. खाजगी, विनाअनुदानित संस्थांतही आरक्षण देणारा कायदा करता येईल, अशी तरतूद ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) मध्ये केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तरी खाजगी उच्च शिक्षणासाठी संसदेने असा कायदा केलेला नाही. म्हणजे आमच्या वर्गात कोण बसणार हे देणगीदारांच्या मोठ्या मनावर सोडलेलं आहे. मोठं मन चांगलंच, पण ते हक्काच्या जागी बसत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी, म्हणजे ‘आयशे’साठी, विद्यार्थ्यांचे सामाजिक प्रवर्गानुसार आकडे मागवले जातातच. तेच आकडे फोटोशेजारी छापा. किती जण आले आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, दोन्ही. स्कॉलरशिप फीपुरती ठेवू नका. सहल, फेस्ट, क्लबची वर्गणी तिच्यात धरा. क्लबच्या मुलाखती मराठी-हिंदीतही घ्या. आणि मेसमध्ये वाढायची, टेबल पुसायची पाळी सगळ्यांना लावा. स्कॉलरशिपवाल्यांना आधी नको, सगळ्यांना एकदम. मावशींची नोकरी आणि पगार मात्र तसाच राहिला पाहिजे.

यातली शेवटची मागणी मी विद्यार्थी परिषदेत मांडली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘पण आपण त्यासाठी पैसे भरतो ना!’ त्या एका वाक्यात आमच्या विविधतेचा सगळा हिशेब आला. ज्यांनी ते वाक्य ऐकून मान डोलावली, त्यांच्यात सहा वेगवेगळ्या राज्यांची मुलं होती.