शिधापत्रिका हाच दाखला

लालबागच्या एका चाळीत, पापड लाटून घर चालवणाऱ्या एका बाईंनी गेल्या महिन्यात पिठाचे हात पदराला पुसून आपला फोन आमच्यापुढे धरला आणि विचारले, "दादा, रिचार्जच नाही, तर ओटीपी कुठून येणार?" अठ्ठावीस दिवसांच्या मुदतीमुळे वर्षाकाठी तेरा वेळा भरावी लागणारी ती रक्कम दोनदा चुकली होती, आणि बँकेचा व शिधावाटपाचा सारा व्यवहार ज्या क्रमांकाशी जोडलेला, तोच मुका झाला होता.

अंध, स्वातंत्र्यसैनिक, युद्धविधवा यांना दूरध्वनीच्या आकारात सवलत देण्याची प्रथा आपल्याकडे होती. परंतु केवळ दारिद्र्य हे सवलतीचे कारण क्वचितच मानले गेले. २००२ साली अस्तित्वात आलेल्या सार्वत्रिक सेवा निधीचा रोख ग्रामीण व दुर्गम भागांवर राहिला. गिरगाव-परळात तारांचे जाळे दाट, तेव्हा तेथे उणीव ती कसली, असा समज रूढ झाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मात्र त्या निधीचे 'डिजिटल भारत निधी' असे नामांतर करताना सेवावंचित नागरी भागांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. शहरातील गरीब कुटुंबांनाही फोनच्या आकारात सवलत मिळावी, या आपल्या मागणीला कायद्याचा आधार मिळाला आहे तो येथे.

मग पात्रता कशाने ठरावी? तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे आणि त्यापायी बुडणारा रोज आपण सर्व कार्यकर्ते जाणतोच. ज्या कुटुंबाची गरज पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेवर सरकारी शिक्क्यानिशी एकदा नोंदली गेली आहे, त्याच्याकडे त्याच गरजेचा दुसरा दस्तऐवज मागणे आम्हांस अन्यायाचे वाटते. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत राज्य शासनाने या दोन्ही पत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली. अमेरिकेत १९८५ पासून चालू असलेल्या 'लाइफलाइन' सवलतीतही सरकारी अन्नसाहाय्याचा पुरावा पात्रतेस पुरतो. पत्रिका मृत सासऱ्याच्या नावावर राहिलेली, विभक्त झालेल्या सुनेचे नाव कोठेच नसलेले, अशी घरे गिरणगावात आपण पाहतो. त्यांच्यासाठी तहसीलदारांचा दाखला हा दुसरा मार्ग खुला ठेवावा.

ही सवलत मंजूर होईपर्यंत एक काम आपल्या हातचे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना इंटरनेटविरहित, केवळ संभाषण व संदेशांचे स्वतंत्र रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले असून त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार ते आपण होऊन सांगेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने हे आपल्या केंद्राच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावे, ही विनंती.